आईची मरून चप्पल

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आईची डावी स्लिपर धुताना तळात बाभळीचा काटा सापडला. आरपार. आतल्या बाजूने टोक वर आलेलं. तिला बोलावून दाखवला.

"आगं बया. कवाचा हाय कुणास ठाऊक."

टोचला नाही का, विचारलं.

"टोचला असता तर काढला नसता व्हय?"

पाय उजेडात धरून बघितला. अंगठ्याखाली बारीक भोक, कडा कोरड्या, पू नाही. तिची साखर इतकी जुनी आहे की पाय बधिर होत असणार, हे मला आधीच सुचायला हवं होतं. उद्या घोडेगावला डॉ.कडे.

२३ ऑगस्ट, शनिवार

डॉक्टरांनी आईला डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवत गेले. "कळतंय का?" आई दर वेळी "व्हय" म्हणाली. दोरा टेकवला नव्हता तेव्हाही.

सूचना: घरातसुद्धा अनवाणी नाही. मऊ तळाची, मागून पट्टा असलेली चप्पल. रोज संध्याकाळी पाय ओल्या पांढऱ्या कापडाने पुसायचा आणि कापड बघायचं. लाल दिसलं की लगेच यायचं. "त्यांना दुखणार नाही. तुम्हालाच दिसलं पाहिजे."

अशा चपला तयार मिळतात, एक जोड टेबलाखाली होता. काळा, जाड. आईने हातसुद्धा लावला नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "ती घालून शिनोलीत हिंडले तर बाया इचारतील, पाय कवा कापायचाय."

एसटीची वाट बघत उभ्या होतो. म्हटलं, मी करते. आतापर्यंत पट्टे, पाकिटं, पिशव्या केल्या, चप्पल नाही. कारखान्यात होते तेही फिनिशिंगला, तळ बांधायला नव्हे. पण तळाला लागणारं मऊ रबर मंचरला मिळतं, आणि बाकी चामडंच आहे.

"मंग मरून कर. माझ्या गौरीच्या साडीवानी."

रंग न देता नैसर्गिक ठेवू म्हटलं. म्हणाली, बिनरंगाची घालणार नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

कागदावर आईच्या पायाचं माप घेतलं. बसून एक, उभं राहून एक. उभं राहिल्यावर पाय बराच पसरतो. पूर्वी तळव्याला बोट लागलं तरी ती हसून पाय ओढून घ्यायची. आज पेन्सिल पूर्ण फिरवली. ती अण्णांशी (वडील) बाजरीच्या कणसांबद्दल बोलत होती.

ठरवलं: पाय टेकतो तो भाग बिनरंगाचा. रंग फक्त वरच्या दोन पट्ट्यांना आणि टाचेच्या पट्ट्याला. पण पट्टे नेमके करंगळीच्या कडेला आणि अंगठ्याच्या वर घासणार, म्हणजे डॉ.नी बघायला सांगितलेल्या जागांवरच. मरून रंग सुटला आणि कापडावर लाल आलं, तर ते कशाचं हे मी कसं ओळखणार? म्हणजे या रंगाला सुटायची परवानगी नाही. ग्राहकाच्या पट्ट्याचा रंग शर्टाला थोडा लागला तर मी माफी मागते. इथे तसं नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पट्टे कापले, कडा घोटल्या. स्पिरिटचा रंग, दोन हात. सुंदर बसला. उद्या गणपती, दिवसभर काम होणार नाही, तेवढं वाळेल.

३० ऑगस्ट, शनिवार

काल सीलर दिला, रंग आत कोंडणारा थर. पाण्यातला, नेहमीचा. आज तपासलं. कोरडं पांढरं कापड घासलं: स्वच्छ. ओलं, मिठाच्या पाण्यात बुडवलेलं (घामाच्या जागी): गुलाबी. गुलाबीसुद्धा नाही, सरळ लाल.

को. पास, ओ. नापास.

कारण कळतं. हवा ओली. रंग वरून वाळला, आत नाही. त्यावर पाण्यातला सीलर ओढला आणि त्याने रंग उचलून स्वतःत मिसळून घेतला. आता सीलरच रंगीत आहे. रंग कुलपाच्या बाहेर राहिला.

आई दारातून: "झाली का? उद्या गौरी यायच्या."

नाही म्हटलं.

सुमनकाकू (चुलती, शेजारच्याच घरात) तिच्यामागे उभी. ती माझ्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही, कातड्याची खोली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "ताई, पोरगी शिकल्याली हाय. तुमची चप्पल परीक्षेला बसवलीय तिनं."

१ सप्टेंबर, सोमवार

गौरीजेवण. आईने मरून साडी नेसली. पुरणाचा स्वयंपाक, दिवसभर उभी, आणि स्वयंपाकघरात स्लिपरसुद्धा नाही. बोलले. "चुलीम्होरं आन देवाम्होरं पायताण? येडी का काय तू?"

संध्याकाळी पाय पुसला. कापड पांढरं.

३ सप्टेंबर, बुधवार

नवे पट्टे कापून रंगवले होते, त्यांतल्या एका तुकड्यावर लॅकर मारून बघितलं. लॅकर रंग उचलत नाही. पण या हवेत ते ढगाळलं. वाळताना हवेतलं पाणी धरतं आणि पांढुरकं होतं. शिवाय दुमडल्यावर बारीक तडा. तड्याची कड धारदार असते. मला कळेल, तिला कळणार नाही. लॅकर बाद.

रेश्माला फोन. आम्ही एका वर्गात होतो, ती आता कानपूरला टॅनरीत. म्हणाली, "तू रंग पाजतेस जास्त. अर्धा कर. जास्तीचा रंग कापडाने घासून काढ, कापड कोरं येईपर्यंत. मग सीलर स्पंजने, अगदी पातळ, एकदाच ओढायचा, परत फिरवायचा नाही. आणि घाई नको." आणि मग: "कुणाची ऑर्डर आहे?"

आहे एकाची, म्हटलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

टोमॅटोच्या क्रेटमध्ये बल्ब लावून पट्टे टांगले. ऊब मंद हवी, नाहीतर चामडं कडक होतं. दुपारी लाईट गेली, संध्याकाळी आली. तोवर काल घासून काढलेल्या जागेवर परत ओल. पुन्हा घासलं. तिसरं कापड कोरं आलं. उद्या सकाळी सीलरचा पहिला हात.

पहिल्या खेपेचे बाद पट्टे अण्णांनी उचलून नेले. "बैलाच्या गळ्यातल्या घाटीला व्हतील."

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. सकाळी पहिला हात दिला, दुपारी दुसरा. पट्टे तळाला जोडलेले, चप्पल उभी दिसते आता. चांगली दिसते.

चारच्या सुमारास आई आली. गणपती घोडनदीवर न्यायचे होते. हात पुढे करून म्हणाली, "आन ती. जरा पायात सरकवते, नदीवर जाऊन येते. मंग कोरी राह्यची न्हाई."

मी सांगितलं की दुसरा हात आत्ताच दिलाय. हात लावला तरी ठसा उमटेल. नदीवर पाणी, चिखल, सगळा थर निघेल. सोमवारी घे.

"सोमवारी कशी घेऊ?"

मी पट्ट्याकडे बघत होते. कड नीट धरली आहे की नाही ते.

"नुसती सरकवते. हितंच. दोन पावलं."

नको म्हटलं. ती जुनी स्लिपर घालून गेली.

८ सप्टेंबर, सोमवार

को. पास. ओ. पास. मीठ, गरम पाणी, साबण, तिन्ही. कापड दुधासारखं. पट्टा दुमडून सोडला, तडा नाही. कड मऊ. इतकं स्वच्छ काम मी कारखान्यातही केलं नव्हतं.

चप्पल घेऊन ओट्यावर गेले. आई लसूण सोलत होती. बघितली, उलटी केली, पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "साडीचाच रंग हाय गं."

मग खाली ठेवली. "पितर लागलं. आता कोरं काय घालायचं न्हाई पायात. त्यासाठीच तर त्या दिशी मागत व्हते."

शनिवारी दोन पावलं चालली असती तर ती जुनी झाली असती. पट्ट्यावर एक ठसा आला असता. ठसा मला काढता येतो.

१० सप्टेंबर, बुधवार

सकाळी ती चप्पल मी स्वतः घालून अंगणात फिरले, गोठ्यापर्यंत आणि परत. मग तिच्यापुढे ठेवली. आता कोरी नाही, म्हटलं.

आईने विचार केला. खरंच केला, हे मान्य करायला हवं.

"तू घातलीस, तर तुझी जुनी झाली. माझी कोरीच."

अण्णा पेपरमागून हसले. मी त्यांच्याकडे बघितल्यावर पेपर वर धरला.

१४ सप्टेंबर, रविवार

पाऊस थांबत नाही. आई जुन्या स्लिपरवर. त्या स्लिपरला मी आतून रबराचा तुकडा चिकटवून दिला आहे, तो सरकतो. रोज पाय पुसते. कापड पांढरं. तिला हा कार्यक्रम आवडायला लागला आहे असं वाटतं. पाय पुढे करून बसते आणि गावातलं सांगते. आज म्हणाली, "लहानपणी मी तुझं पाय धुयाचे, तवा तू बी अशीच गप बसायची."

पितृपक्ष संपला की नवं चालेल ना, असं विचारलं. "व्हय की." मग थोड्या वेळाने, "पण मंग नवरात्र."

नवरात्रात ती अनवाणी असते. माझ्या जन्माआधीपासून. मला ते माहीत होतं. माहीत असून हिशोबात धरलं नव्हतं. विसर्जन, पितर, घट, दसरा, हे एकाला एक लागून येतं, दर वर्षी येतं. मी वाळण्याचे दिवस मोजले, हे नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

तिच्याशी बोलले. शांतपणे. मज्जातंतू म्हणजे काय, रक्त कसं कमी पोचतं, जखम का भरत नाही. कागदावर पाय काढून दाखवला.

ऐकून घेतलं. "डॉक्टरच्या बायकूला इचार. ती बी अनवाणी असती नवरात्रात. मागल्या साली देवळात बगितली मी."

तिला साखर नाही, म्हटलं.

"तुला कसं ठावं?"

१८ सप्टेंबर, गुरुवार

चप्पल कपाटातून काढली. बुरशी. टाचेच्या पट्ट्यावर आणि तळाच्या बिनरंगी भागावर पांढरे ठिपके. कापडात गुंडाळून ठेवली होती, ती माझी चूक. या हवेत कातडं गुंडाळायचं नसतं हे पहिल्या वर्षाला शिकवतात.

पुसली, स्पिरिट फिरवलं. स्पिरिटने टाचेवरचा सीलर उतरला, अर्थातच. तेवढा भाग परत रंगवून परत सीलर द्यावा लागेल, आणि ऊन येईपर्यंत थांबावं लागेल. कोणासाठी घाई करायची आहे, हाही प्रश्नच.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री अमावास्या. आमच्याकडे पोळा श्रावणात नाही, आज असतो. बैलांना नवी वेसण, नवा कासरा, नव्या झुली. पांढऱ्या बैलाच्या गळ्यात घाटी, तिला माझा बाद पट्टा.

आईला म्हटलं, आज अजून पितरच आहेत. बैलांना नवं चालतं आणि तुला नाही?

"बैलाला पितर नसत्यात."

अण्णांनी बैलाची झूल सारखी केली.

दुपारी मिरवणुकीत पाऊस आला. परत आले तेव्हा बैलाची मान गुलाबी, छातीपर्यंत ओघळ. पोरं म्हणत होती, ह्याला गुलाल कुणी लावला. सुमनकाकू मला म्हणाली, "अशे, तुझ्या परीक्षेत बैल नापास झाला गं." मी हसले. आईने मात्र बैलाच्या मानेवरून हात फिरवला, तळहाताकडे बघितलं आणि माझ्याकडे. "म्हंजी माझ्या पायाचं असं झालं असतं?"

हो म्हटलं.

"म्हणून येवढं करत व्हतीस व्हय."

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. सकाळी स्लिपर दाराशी ठेवली आणि निघाली. देवीचं देऊळ गावाच्या वरच्या अंगाला, रस्ता अर्धा डांबरी, अर्धा खडीचा.

आदल्या दिवशीच्या बोलण्यामुळे मला जरा आशा वाटली होती. मोजे तरी घाल म्हटलं. सुती, पांढरे, आणून ठेवले होते. मोज्यांना ती एकदम नाही म्हणाली नाही. सुमनकाकूला हाक मारली. "सुमे, मोजं चालत्याल का गं?"

काकूने घट मांडता मांडता निकाल दिला. "अनवाणी म्हंजी अनवाणी. मोजं घालून काय शाळेत चाललाय?"

दोघी हसत गेल्या. मी मोजे घडी करून ठेवले.

संध्याकाळी पाय पुसला. धूळ, गुलाल, एक खडा बोटांत अडकलेला. रक्त नाही. तासभर तिच्या अंगठ्याकडे बघून खात्री करून घेतली. ती पेंगत होती.

२४ सप्टेंबर, बुधवार

सकाळी अण्णा दिसेनात. आई म्हणाली, रानात गेले असतील. मी दूध घालायला निघाले तेव्हा ते देवळाच्या रस्त्यावर दिसले. हातात खराटा. रस्ता झाडत होते, आमच्या फाट्यापासून वर. खडे कडेला, काटे वेगळे गोळा करून. लोक जाता येता विचारत होते, "अण्णा, ग्रामपंचायतीत लागला का काय?" ते "व्हय व्हय" म्हणत होते.

मला बघून थांबले. "तिला सांगू नको."

तुम्ही तिला बोलत का नाही, विचारलं.

"ऐकती का ती? तुझं ऐकलं?"

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आता दोघं झाडतो. अण्णा पुढे खराट्याने, मी मागून कुंच्याने. देवळाच्या पायरीशी फुटलेल्या नारळाच्या कवट्या, त्या मी वेचते. पायरीवर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "नवस हाय का पोरी?" हो म्हटलं, सोपं पडलं.

कापड रोज पांढरं. सहा दिवस उरले. होईल असं वाटायला लागलं आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

ऊन. किती दिवसांनी. सकाळीच टाचेच्या पट्ट्याला सीलरचा शेवटचा हात दिला आणि चप्पल ओट्यावर सावलीत, पण गरम वाऱ्यात ठेवली. दुपारपर्यंत थर असा बसला की बोटाला लागेना. को. पास, ओ. पास. महिनाभर ही हवा हवी होती मला.

आई आरतीहून उशिरा आली. देवळात ओटीची मोठी रांग होती, अंगणात उभी होती म्हणाली. "उनाचं लई बरं वाटलं."

संध्याकाळी पाय पुसला. कापड पांढरं.

२९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी आई ओट्यावर पाय सोडून बसली होती. उजवीकडून ऊन तळव्यावर पडलं आणि मला चकाकी दिसली. डाव्या अंगठ्याखाली आणि शेजारच्या बोटाखाली फोड. मोठा, पाणी भरलेला, कातडी ताणून चकचकीत. मी रोज चकचकीत थर बघते. हा ओळखायला मला क्षणभर लागला.

काल देवळाचं अंगण. नवीन फरशी बसवली आहे तिथे, काळी. भर दुपारी त्यावर रांगेत उभी. शेजारच्या बाया पाय बदलत असणार, सावलीत सरकत असणार. ती उभी राहिली. बरं वाटलं म्हणाली.

आम्ही काटे वेचले, खडे वेचले. ऊन कुठे झाडणार होतो.

आणि कापडाने काही दाखवलं नाही, कारण फोडातलं पाणी लाल नसतं. महिनाभर मी लाल शोधत होते.

आईला सांगितलं तेव्हा तिने वाकून बघायचा प्रयत्न केला. दिसेना. म्हटलं मोबाईलवर फोटो दाखवते. बघून म्हणाली, "हा माझाच पाय हाय?"

घोडेगाव. डॉ.नी फोड कापून स्वच्छ केला. खाली शेजारच्या बोटाची कातडी काळपट. ते काळपट कुठवर जातं ते चार-आठ दिवसांत कळेल म्हणाले. पाय खाली टेकवायचा नाही. साखर फार वर आहे, इन्सुलिन सुरू. मला ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. ते जास्त वाईट वाटलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

आईला खाटेवर बसवलं. बसत नाही. आज घटाला माळ घालायला दोनदा उठली. अण्णांनी खाटच देवासमोर नेऊन ठेवली. आता खाटेवरून हात पुरतो.

सुमनकाकू आली. पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मीच म्हणाले मोजं नको." तिच्याकडे बघवेना. म्हटलं, मोज्यांनी फरशी थंड झाली नसती. खरं आहे का माहीत नाही. कदाचित थोडी झाली असती.

तिने देवळात आईच्या वाटचं जाईन म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "माझं पाय तुझ्या पायाला लावून जा." दोघी रडल्या. मी पट्टी बदलायचं सामान काढलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आता काही अडचण नाही. पितर नाहीत, नवरात्र उठलं. आईने स्वतः मागितली चप्पल. "आन. आज घालते."

उजवी बसली. इतकी नीट की मला माझाच राग आला. डावी पट्टीवरून जाईना. पुढचा पट्टा शेवटच्या भोकालासुद्धा पोचत नाही, दोन बोटं कमी. मी ओढून बघितला आणि सोडला. पट्टीवर दाब नको.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. ती खाटेवर, मरून साडी, उजव्या पायात चप्पल, डावा उशीवर. प्रत्येकाने चप्पल बघितली, कारण पट्टीकडे बघायचं नव्हतं. "छान हाय की. कुठून आणली?" आई प्रत्येकाला सांगत होती, "आमच्या अशीनं केली. पाण्यात घातली तरी रंग जात न्हाई." एकाला तर ओलं फडकं घासून दाखवलं.

मी आत चहा करत होते. बराच वेळ.

४ ऑक्टोबर, शनिवार

पट्टी बदलताना बोट बघितलं. काळपट भाग वाढला असं वाटलं. अण्णांना विचारलं, ते म्हणाले तेवढाच आहे. फोटो काढून कालच्याशेजारी लावला. उजेड वेगळा, सांगता येत नाही. मी रंगातले फरक ओळखून पोट भरते आणि मला सांगता येत नाही.

सोमवारी डॉ. बघतील. राहिलं तर बोट राहील. नाहीतर पुण्याला.

दुपारी डाव्या चपलेचा पुढचा पट्टा उसवला. नवा लांब कापला, पट्टी असली तरी मावेल असा, आणि पट्टी निघाली की आवळता येईल अशी भोकं जास्त. पट्टी कुठपर्यंत असेल त्याचा अंदाज धरावा लागला. बोटासकट धरला.

आई खाटेवरून माझ्या खोलीच्या दिशेने बोलते आता, मध्ये अंगण आहे तरी. "रंग त्योच धर. दोन पाय दोन रंगाचं दिसलं तर बाया हसतील."

तोच आहे, म्हटलं. बाटली तीच, कातडं दुसऱ्या जनावराचं, थोडं वेगळं पिणारच. तिला सांगितलं नाही. जास्तीचा रंग घासून काढला, कापड कोरं आलं, आणि सीलरचा पहिला हात दिला. परत ढग आले आहेत.

थोड्या वेळाने पुन्हा आवाज. "वाळला का गं?"

नाही, अजून नाही.

"बरं. मंग थांबते."